मुखपृष्ठावरचे मुख : वर्ण, स्वर आणि सौंदर्याचा निकष

१

ध्वनिमुद्रित संगीताच्या वेष्टनावर चेहरा का छापला जातो, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा वाटतो. माल खपवावयाचा तर त्यावर लक्षवेधी चित्र हवे, एवढे उत्तर विक्रेत्याला पुरेसे असते. पण संगीत ही कानाने ग्रहण करावयाची कला आहे आणि चेहरा डोळ्याने पाहावयाची वस्तू आहे. या दोहोंची सांगड जेथे घातली जाते, तेथे कोणता चेहरा त्या स्वराला शोभतो याविषयीचा एक निर्णय आधीच झालेला असतो. हा निर्णय दिसावयास सौंदर्यविषयक असतो, त्याचे परिणाम मात्र नैतिक असतात. गोऱ्या कातडीला श्रेष्ठ आणि काळ्या कातडीला कनिष्ठ मानणाऱ्या समाजात संगीताचे मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकारावर कोणती जबाबदारी येते आणि ती त्याने कोणत्या मार्गाने पार पाडावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम संज्ञेविषयी. ‘रंगभेद’ हा शब्द मराठीत दक्षिण आफ्रिकेतील किंवा अमेरिकेतील गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांसाठी रूढ झाला आहे. तेथे एक समूह दुसऱ्या समूहाला दूर ठेवतो. येथे अभिप्रेत असलेली गोष्ट निराळी आहे. एकाच समाजात, एकाच जातीत, पुष्कळदा एकाच घरातील दोन बहिणींत रंगाच्या छटेवरून जे तर-तम ठरते, त्याला अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘कलरिझम’ असे स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला ‘रंगप्रतवारी’ म्हणता येईल. धान्याच्या बाजारात आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेऊन प्रत ठरवतो, तसाच हा व्यवहार आहे. त्याची परिभाषाही आपल्या भाषेत तयार आहे : गोरा, उजळ, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. विवाहविषयक जाहिरातींनी ही परिभाषा पिढ्यान्‌पिढ्या वापरली आणि ती वापरताना आपण कोणाचा अवमान करीत आहोत असे जाहिरात देणाऱ्याला सहसा वाटले नाही. प्रतवारीचे बळ या निरागसतेत असते.

‘वर्ण’ हा शब्द तर याहून गुंतागुंतीचा आहे. रंग, चातुर्वर्ण्यातील स्थान आणि लिपीतील अक्षर असे त्याचे तीन अर्थ आपल्या नित्य परिचयाचे आहेत. चौथा अर्थ संगीतशास्त्रातला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात वर्ण म्हणजे गानक्रिया, आणि तिचे प्रकार चार : स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी. स्वर एका जागी थांबतो, चढतो, उतरतो, हिंडतो, त्या त्या हालचालीला वर्ण म्हणावयाचे. संगीतात जी संज्ञा गतीची आहे, तीच समाजात स्थानबद्धतेची झाली. वेष्टनावर छापलेला चेहरा या दोन अर्थांच्या मध्ये उभा असतो.

येथे एक दक्षता घेणे आवश्यक आहे. वर्ण म्हणजे रंग, म्हणून जात म्हणजे रंग, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो, पण पुरावा त्याला आधार देत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात आर्य-अनार्य वंशभेदाची उपपत्ती आणि वर्णाचा कातडीच्या रंगाशी जोडलेला संबंध, दोन्ही नाकारले. पुण्यातील डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील जातिसमूहांची शारीरिक मोजमापे १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. एकाच मोठ्या जातिनामाखाली मोडणारे गट शरीरवैशिष्ट्यांत एकसारखे नसतात, ही गोष्ट कर्वे यांनी आपल्या लेखनातून आग्रहाने मांडली. तेव्हा काळा वर्ण पाहून जात ओळखली जाते, या समजाला वस्तुस्थितीचा आधार नाही. तो समज चित्रांनी, नाटकांनी आणि चित्रपटांनी घडवला आहे. घडवला आहे म्हणूनच चित्र करणाऱ्याची त्यात जबाबदारी आहे.

२

वेष्टनाचा इतिहास पाहिला तर चेहरा तेथे उशिरा आला असे दिसते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या साध्या कागदी पाकिटातून विकल्या जात. पाकिटाच्या मध्यभागी एक वर्तुळाकार खिडकी असे आणि तीतून तबकडीवरची चिठ्ठी वाचता येई. १९४० मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीसाठी अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी सचित्र वेष्टनाची सुरुवात केली. १९४८ मध्ये दीर्घमुद्रिका आली आणि बारा इंच व्यासाच्या तबकडीमुळे वेष्टनाला चित्रचौकटीचा आकार लाभला. पुढे कॅसेटने ती चौकट पत्त्याच्या पानाएवढी केली आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती नखाएवढी उरली आहे. फ्रेंच समीक्षक जेरार झेनेत यांनी १९८७ च्या ज्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ अशा संहितेभोवतीच्या सामग्रीचा विचार केला, त्याच्या नावाचा अर्थच ‘उंबरठे’ असा आहे. वाचक संहितेत शिरण्यापूर्वी उंबरठ्यावर क्षणभर थांबतो आणि त्या क्षणी कसे वाचावयाचे हे त्याला सुचवले जाते. संगीताच्या बाबतीत उंबरठ्यावर जो चेहरा दिसतो, तो कसे ऐकावयाचे हे सुचवतो.

हा चेहरा गाणाऱ्याचाच असतो असे मात्र नाही. पुण्याच्या रंगभूमीने या विलगतेचे एक थोर उदाहरण दिले आहे. बालगंधर्वांनी रंगमंचावर जी स्त्री उभी केली, तिची साडी नेसण्याची, केस बांधण्याची, दागिने घालण्याची रीत पांढरपेशा घरांतील स्त्रिया उचलीत. स्त्रीसौंदर्याचा मराठी आदर्श काही काळ एका पुरुषाने, रंगभूषेच्या साहाय्याने, पायदिव्यांच्या प्रकाशात घडवला. हा आदर्श निसर्गाने दिलेला नव्हता. तो केलेला होता, आणि करताना रंगाचा थर द्यावा लागत होता. सौंदर्याचे प्रमाण ‘स्वाभाविक’ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या इतिहासाचे स्मरण ठेवावे.

पार्श्वगायनाने ही विलगता नियमच करून टाकली. स्वर एकीचा आणि मुख दुसरीचे. ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर नायिकेचा चेहरा आणि गायिकेचे नाव अशी श्रमविभागणी रूढ झाली. स्वराची निवड गुणवत्तेवर होई, मुखाची निवड मात्र प्रतवारीवर. श्रोत्याच्या मनात दोहोंचे एकत्र बिंब उमटत असल्याने गोड स्वर आणि गोरा चेहरा यांचे साहचर्य नकळत दृढ झाले.

याच घटनेचे अधिक उघडे रूप अमेरिकेत दिसते. माइल्स डेव्हिस यांच्या १९५७ च्या ‘माइल्स अहेड’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर शिडाच्या होडीत बसलेली एक गोरी तरुणी छापली होती. कृष्णवर्णीय वादकाने याला हरकत घेतली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर त्याचे स्वतःचे छायाचित्र आले. ओटिस रेडिंग यांच्या १९६५ च्या ‘ओटिस ब्ल्यू’वरही एका गोऱ्या, सोनेरी केसांच्या स्त्रीचाच चेहरा होता. काळ्या माणसाचा स्वर घरात यावा, चेहरा येऊ नये, ही त्या बाजाराची अट होती. डेव्हिस यांची हरकत सौंदर्यशास्त्रीय नव्हती. त्या तरुणीच्या जागी अधिक सुंदर कृष्णवर्णीय तरुणी घाला, असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. हे संगीत ज्याचे आहे तो दिसला पाहिजे, एवढीच त्या हरकतीची तर्करेषा होती. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

३

रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) कांटच्या सौंदर्यविचाराशी मराठी अभ्यासकांचा निकटचा परिचय झाला. कांटच्या १७९० च्या तिसऱ्या ‘क्रिटीक’मधील सतराव्या परिच्छेदात एक अत्यंत सूचक विचार आहे. माणूस हजारो आकृती पाहतो, कल्पनाशक्ती त्या एकमेकींवर ठेवते आणि त्यांतून एक सरासरी आकृती तयार होते. हे त्या जातीच्या आकृतीचे सामान्य प्रमाण. कांट स्पष्टपणे म्हणतो की ज्याच्या अनुभवात ज्या आकृती आल्या त्याप्रमाणे त्याचे प्रमाण ठरेल, म्हणून आफ्रिकी, चिनी आणि युरोपीय माणसांची प्रमाणे वेगळी असतील. आणि तो लगेच पुढे जातो : हे प्रमाण म्हणजे सौंदर्याचा आदर्श नव्हे. त्यात फक्त निर्दोषता आहे. मनुष्याकृतीतला आदर्श नैतिकतेच्या दृश्य अभिव्यक्तीत असतो.

या विचाराला छापील चित्रांच्या युगात ठेवून पाहिले तर एक गंभीर निष्कर्ष निघतो. आज कल्पनाशक्तीपुढे येणाऱ्या आकृती रस्त्यावरच्या माणसांच्याच नसतात. भिंतीवरच्या, वेष्टनावरच्या आणि पडद्यावरच्या आकृती त्यांत मिसळतात आणि संख्येने भारी होतात. पुण्याच्या मंडईत जी माणसे दिसतात त्यांची सरासरी आणि ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात जे चेहरे दिसतात त्यांची सरासरी या दोहोंत मोठे अंतर पडते, आणि जी सरासरी चकचकीत कागदावर छापलेली असते ती वरचढ ठरते. सावळी मुलगी आरशात पाहते तेव्हा तिला स्वतःत काही उणे दिसते ते या दुसऱ्या सरासरीशी ताडून पाहिल्यामुळे. मुखपृष्ठकार सरासरीत रोज भर घालीत असतो. ‘मी एकच चित्र केले’ हा बचाव म्हणूनच तोकडा आहे.

१९७५ मध्ये हिंदुस्थान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम भारतीय बाजारात आणले. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांची कथा, ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि पडद्यावर पुण्यात जन्मलेली स्मिता पाटील. पुढे १९८२ च्या ‘उंबरठा’त सुलभा महाजनचे मुख तिचे आणि गाण्यांतील स्वर लता मंगेशकरांचा. पार्श्वगायनाची जुनी श्रमविभागणी येथेही होतीच, पण मुखाची निवड बदलली होती. सावळ्या, रेखीव, फारशा रंगभूषेवाचून समोर आलेल्या त्या चेहऱ्याशी मराठी श्रोत्याने त्या स्वराचे नाते जोडले आणि ते नाते टिकले. गोड स्वर आणि गोरा चेहरा यांचे साहचर्य अटळ नाही, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

परंतु याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. व्यापारी कल्पनेने या चेहऱ्यातून लौकरच एक साचा काढला. ‘सावळी पण आकर्षक’, ‘सावळी पण बोलके डोळे’. या वाक्प्रयोगांतील ‘पण’ हे अव्यय सर्व काही सांगून जाते. सावळेपणा हा दोष राहतोच. डोळ्यांनी, नाकाने, बुद्धीने त्याची भरपाई करावी लागते. शिवाय ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर समाजाची चिंधी नागर अभिनेत्रीने उभी केली होती. तो अभिनयकलेचा अधिकार आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि ठाकर स्त्रीचे स्वतःचे मुख या व्यवहारात कोठेच आले नाही, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे.

२०१६ मधील नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने हा प्रश्न पुढच्या पायरीवर नेला. अजय-अतुल यांचे संगीत महाराष्ट्रभर वाजले आणि त्या संगीताशी जोडले गेलेले चेहरे होते रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांचे, सोलापूरकडच्या मातीतले आणि पूर्वी पडद्यावर न पाहिलेले. यातील एक बाब समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. २०१३ च्या ‘फँड्री’त काळा जब्या आणि गोरी शालू अशी जात व वर्ण यांची समांतर मांडणी होती. ‘सैराट’मधील आर्ची पाटलाची मुलगी आहे आणि गोरी नाही. उच्च जात म्हणजे उजळ वर्ण हे समीकरणच येथे मोडते. प्रतिष्ठा, रुबाब, बुलेट चालवण्याची ऐट, सर्व काही त्या सावळ्या मुखाला आपोआप लाभते. त्यासाठी ‘पण’ लावावे लागत नाही.

२०१८ मध्ये ‘धडक’ आला. संगीतकार तेच, ‘झिंगाट’ची चाल तीच. मुखे मात्र हिंदी चित्रपटाच्या रूढ संकेतांत बसणारी झाली, स्थळ उदयपूर झाले आणि जातीचा उल्लेख पुसट झाला. चित्रपटसंगीताच्या वेष्टनावर बहुधा चित्रपटाचे भित्तिचित्रच लहान आकारात येते, त्यामुळे एकाच चालीची दोन मुखपृष्ठे आपल्यापुढे आहेत. स्वर जसाच्या तसा सीमा ओलांडू शकला, मुखाला ती परवानगी मिळाली नाही. कोणा कलावंताच्या गुणवत्तेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. बाजार स्वराला गतिमान मानतो आणि मुखाला स्थानबद्ध, एवढेच यातून दिसते. वर्ण शब्दाचे दोन अर्थ येथे समोरासमोर येतात.

४

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो दुबळा नाही. महाराष्ट्राचे दैवतच काळे आहे. ज्येष्ठात आळंदी-देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा हे शहर ज्याचा गजर ऐकते, त्याचे सावळेपण हेच त्याचे लावण्य मानले गेले. अभंगांच्या ध्वनिमुद्रिकांवर आणि कॅसेटींवर कटेवर हात ठेवलेली काळी मूर्ती हे तर रूढ चित्र आहे. मग ज्या संस्कृतीने काळ्या रूपावर शतकानुशतके प्रेम केले, तिच्यावर रंगप्रतवारीचा आरोप कसा ठेवता येईल?

उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग भाषेचा. विठ्ठलाला लावलेले ‘सावळा’ हे विशेषण आणि जाहिरातीतील मुलीला लावलेले ‘सावळी’ हे विशेषण उच्चाराने एक असले तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. पहिल्यात रंग हे रूपाचे वैशिष्ट्य आहे, दुसऱ्यात रंग ही सवलत मागण्याची जागा आहे. देवाचा वर्ण आपण भक्तीने पाहतो, म्हणजे प्रत लावण्याची वृत्ती बाजूला ठेवून पाहतो. तीच दृष्टी माणसाकडे वळवली जात नाही, हा भक्तिपरंपरेचा दोष नसून तिचा अपुरा राहिलेला वारसा आहे.

दुसरा भाग छपाईचा. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची रंगीत शिळाछापील चित्रे घराघरांत पोहोचली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. या छापील दैवतसृष्टीत आणि तिच्या वारशाने चालत आलेल्या दिनदर्शिकांच्या चित्रांत श्याम वर्णाची जागा हळूहळू निळ्या रंगाने घेतली. निळा रंग हा कोणत्याच माणसाचा रंग नसल्याने देवाचे सावळेपण माणसांच्या सावळेपणापासून तुटले. स्त्रीरूपांच्या बाबतीत तर निळ्याचाही आडपडदा उरला नाही. महाभारतातील द्रौपदीचे एक नावच ‘कृष्णा’ आहे. ती काळी आहे आणि तिच्या लावण्याला जोड नाही असे संहिता सांगते. रविवर्मांच्या चित्रांतील द्रौपदी उजळ आहे. संहिता वाचणारे थोडे आणि चित्र पाहणारे पुष्कळ, त्यामुळे लोकमानसात चित्राने संहितेवर मात केली. आपल्या परंपरेत काळे रूप पूज्य होते हे खरे, पण ती परंपरा छापखान्यातून बाहेर पडताना उजळून निघाली, हेही खरे.

५

तर मग रंगप्रतवारीला सामोरे जाणाऱ्या मुखपृष्ठाने काय करावे? दोन मार्ग दिसतात. पहिला मार्ग ‘काळेही सुंदर’ असे सांगण्याचा. २००९ मध्ये चेन्नईतून सुरू झालेल्या ‘डार्क इज ब्यूटिफुल’ या मोहिमेने हा मार्ग धरला आणि नंदिता दास यांच्या सहभागामुळे ती देशभर ठाऊक झाली. तिचा परिणाम नाकारता येणार नाही. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे केली आणि २०२० मध्ये त्या मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. पण नाव बदलले तरी वस्तू राहिली. याचे कारण असे की ‘काळेही सुंदर’ या विधानात सौंदर्याच्या न्यायासनाला मान्यता आहे. निवाडा बदला, असा अर्ज त्या आसनापुढे केला आहे. ज्याला उद्या सुंदर ठरवले जाईल त्याला परवा पुन्हा कुरूप ठरवण्याचा अधिकार त्या आसनाकडे राहतोच.

दुसरा मार्ग साक्षीचा. या स्वराचे मुख हे आहे, एवढेच मुखपृष्ठाने सांगावे. ते सुंदर आहे की नाही हा प्रश्न त्याने उपस्थितच करू नये. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथाभोवती झालेली चर्चा येथे उपयोगी पडते. आनंद आणि सौंदर्य या निकषांवर दलित साहित्य मोजणे अपुरे आहे, स्वातंत्र्य, समता आणि न्याय या मूल्यांशी त्याचे नाते पाहिले पाहिजे, अशी ती भूमिका होती. तीच भूमिका वेष्टनावरच्या चेहऱ्याला लावता येते.

तथापि साक्षीचा मार्गही सरळ नाही. भीमगीतांच्या कॅसेटींचे उदाहरण घ्यावे. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गीते, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचे पहाडी स्वर, आणि वेष्टनावर निळ्या कोटातले बाबासाहेब. लोकप्रिय चित्रांत त्यांचा वर्ण अनेकदा उजळ, गालांवर गुलाबी झाक असलेला दिसतो. साक्षीचा निकष यांत्रिकपणे लावला तर ही चित्रे रंगप्रतवारीला शरण गेलेली म्हणावी लागतील. तो निवाडा उतावळेपणाचा होईल. ज्या समाजाला शतकानुशतके मलिन म्हणून हिणवले गेले, त्याने आपल्या उद्धारकाभोवती तेज कल्पिले, त्याचा कोट, टाय, पुस्तक आणि उजळ मुद्रा एकत्र रंगवली, यात सन्मानाची मागणी आहे. सुंदर म्हणवून घेण्याचा हक्क हाही हक्कच आहे, आणि ज्यांना तो पूर्वीपासून मिळाला आहे त्यांनी इतरांना ‘सौंदर्याच्या पलीकडे या’ असा उपदेश करणे सोपे आहे. प्रश्न एवढाच राहतो की तेज दाखवावयाला उजळ कातडीखेरीज दुसरी दृश्यभाषा या चित्रकारांना कोणी उपलब्ध करून दिली होती काय? नव्हती. दोष चित्रकाराच्या श्रद्धेचा नाही. त्याच्या हाती आलेल्या रंगपेटीचा आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास यांच्या विचाराशी हा वाद भिडवून पाहण्यासारखा आहे. त्यांच्या मते दुसऱ्याचे मुख हे नैतिकतेचे उगमस्थान आहे, आणि त्या मुखाला खरे सामोरे जाणे म्हणजे त्याच्या डोळ्यांचा रंगसुद्धा लक्षात न येणे. विचार उदात्त आहे. परंतु ज्या समाजात रंग आधी दिसतो आणि माणूस मागून, तेथे ‘रंग पाहू नका’ या आदेशाचा अर्थ पुष्कळदा ‘रंगाविषयी बोलू नका’ असा होतो. न पाहण्याची अवस्था हे गंतव्य असू शकेल, तेथपर्यंतचा रस्ता पाहण्यातूनच जातो.

६

हे पाहणे तांत्रिक पातळीवर घडावे लागते, आणि या पातळीचा विचार मराठी समीक्षेत क्वचितच होतो. छायाचित्रणाची साधने तटस्थ नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनीने प्रयोगशाळांना रंगांचा तोल साधण्यासाठी जी नमुनापत्रे पुरवली, त्यांवर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ती ओळखली जात. तिची कातडी बरोबर उमटली की छपाई बरोबर. कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी दाखवून दिले आहे की गडद तपकिरी छटा नीट उमटाव्यात म्हणून जी सुधारणा झाली, तिच्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान तयार करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी होत्या. माणसांच्या चेहऱ्यांनी जे घडले नाही ते खुर्च्यांनी घडवले.

छापखान्यातही हेच होते. चार रंगांच्या छपाईत गडद छटेतील शाईचे ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात. काळ्या चेहऱ्यावरील गालाचे हाड, ओठांची कड, कपाळावरची आठी हे सारे एका डागात बुडते. ते टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चेहराच उजळ करणे. मुद्रक हे द्वेषाने करीत नाही. ‘चित्र उघडले पाहिजे’ एवढेच तो म्हणतो. रंगप्रतवारी अशी कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून कामाच्या सवयीत मुरते. म्हणून कलाशाळांत ज्यांना उपयोजित कला शिकवली जाते त्यांच्यासमोर हा नैतिक प्रश्न तंत्राच्या भाषेत मांडला पाहिजे : प्रकाश कोठून घ्यावा, काळ्या शाईचे प्रमाण कमी करून उरलेल्या तीन रंगांतून गडद छटा कशी उभारावी, कागद कोणता निवडावा. खर्च थोडा वाढतो. तो खर्च कोणाच्या चेहऱ्यासाठी करावयाचा, हा निर्णयच नैतिक असतो.

साक्षीच्या मार्गाचा एक नमुना जगापुढे आहे. माइल्स डेव्हिस यांच्याच १९८६ च्या ‘टुटू’ या ध्वनिमुद्रिकेसाठी अर्व्हिंग पेन यांनी त्यांचा चेहरा टिपला आणि एइको इशिओका यांनी वेष्टनाची रचना केली. दर्शनी बाजूस एकही अक्षर नाही. केवळ साठीच्या कृष्णवर्णीय माणसाचे मुख, प्रत्येक सुरकुतीसह. ते सुंदर आहे काय, हा प्रश्न विचारावयास पाहणारा धजत नाही. होडीतल्या त्या तरुणीपासून या मुखापर्यंत यावयाला जवळजवळ तीन दशके लागली.

दुसरा नमुना आपल्या अगदी जवळचा आहे. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरवणाऱ्या आणि कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकाने ख्यालगायनाच्या कॅसेटी काढलेल्या या शहराला गाणाऱ्याच्या मुखाची ओळख आहे. वासलेले तोंड, आक्रसलेल्या भुवया, मिटलेले डोळे, ताणलेल्या शिरा. तानेच्या आवेगात भीमसेन जोशींची मुद्रा कोणत्याही सौंदर्यप्रमाणात बसली नसती आणि ती बसावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तेथे मुख हे स्वराच्या श्रमाचे दृश्य रूप असते. कांटला अभिप्रेत असलेला आदर्श निर्दोषतेच्या पलीकडे जातो तो असा. परंतु ही मुभा आपण पुरुषांना जितकी सहज दिली तितकी स्त्रियांना दिली नाही. गायिकेचे छायाचित्र बहुधा गाण्याच्या आधीचे किंवा नंतरचे असते : तंबोरा, मंद स्मित, नीट बसवलेला पदर. गाणाऱ्या स्त्रीचे वासलेले तोंड छापण्याचे धैर्य वेष्टनांनी क्वचित दाखवले. रंगाची प्रतवारी आणि स्त्रीची प्रतवारी या एकाच काट्यावर होतात, आणि म्हणून एकीचा विचार दुसरीवाचून करता येत नाही.

मुखच छापू नये, असा एक तिसरा पर्याय सुचवला जाईल. त्याचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेली सोनेरी तबकडी. तिच्यात गोव्याच्या केसरबाई केरकरांनी गायिलेली भैरवी आहे, आणि वेष्टनावर तबकडी वाजवण्याच्या सूचना व ताऱ्यांच्या संदर्भाने काढलेला सूर्याचा नकाशा. ताऱ्यांच्या प्रदेशात वर्ण नाही आणि जात नाही; तेथे हे योग्यच आहे. पृथ्वीवर मात्र ज्यांची मुखे आजवर वगळली गेली, त्यांची वेळ आली असताना सर्वांचीच मुखे काढून टाकणे म्हणजे वगळण्यालाच नवे नाव देणे होय. अमूर्त चित्र हा कलावंताचा हक्क आहे. तो या प्रश्नावरचा उपाय नाही.

तेव्हा संगीताचे मुखपृष्ठ करणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न ‘हा चेहरा सुंदर दिसतो का?’ हा नाही, आणि ‘हा चेहरा पुरेसा काळा आहे का?’ हाही नाही. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच प्रतवारीचा आहे; तो सावळ्या माणसाला एका भूमिकेचा नमुना करतो. विचारावयाचा प्रश्न असा : हा स्वर ज्याचा आहे, किंवा ज्यांच्या जगण्यातून आला आहे, त्याला हे चित्र पाहून आपली ओळख पटेल काय? आपल्या स्वरासाठी दुसऱ्या कोणाचे मुख उसने घ्यावे लागले, असे तर त्याला वाटणार नाही? सौंदर्य या प्रश्नाच्या उत्तरात येऊ शकते, पुष्कळदा येतेच, परंतु ते परवानापत्र म्हणून येत नाही. पडद्यावरची चौकट नखाएवढी झाली असताना हा विचार अवास्तव वाटेल. पण त्या नखाएवढ्या चौकटीतूनच आजची सरासरी घडते आहे, आणि तिच्याशी ताडून पाहणारी मुलगी आरशापुढे उभी आहे.